रजा साठवून परदेशात स्वयंसेवी कामाला: पुण्यातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

२०२३ च्या मे महिन्यात मी १२ दिवसांची पीएल, म्हणजे साठवलेली पगारी रजा, टाकून नेपाळमधल्या चितवन जिल्ह्यात गेलो. खराडीच्या एका कंपनीत मी डेटाचं काम करतो. तेच काम तिथल्या एका बचत सहकारी संस्थेसाठी विनामोबदला करायचं होतं. कर्जाच्या वह्या एक्सेलमध्ये आणायच्या आणि थकबाकीचा तक्ता आपोआप निघेल अशी सोय करायची. तक्ता पुण्यातच बनवून नेला होता. पहिल्या सकाळी हिशेब सांभाळणाऱ्या दिदींनी वही उघडली, तर तारखा २०७९ सालच्या.

नेपाळचे व्यवहार विक्रम संवतात चालतात हे मला माहीत होतं. त्याचा माझ्या तक्त्याशी काय संबंध येणार, हा विचार मात्र मी केला नव्हता. नेपाळी महिना २९ ते ३२ दिवसांचा असतो आणि कुठला महिना किती दिवसांचा, हे दरवर्षी पंचांग ठरवतं. एक्सेल २०७९ ला मुकाट्याने इसवी सन समजतं, ३२ तारीख आली की तिला तारीख मानत नाही, आणि व्याजाचे दिवस चुकत जातात. जुन्या याद्या ‘प्रीती’ या जुन्या नेपाळी फॉन्टमध्ये होत्या. आपल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की जी अगम्य अक्षरं दिसतात, तशीच तिथे दिसली. कामाच्या १० दिवसांतले पहिले ३ दिवस मी माझाच तक्ता मोडून पुन्हा बांधत होतो.

वहीच्या चार पानांचे फोटो आधी मागवले असते, तर हे सगळं पुण्यात बसून झालं असतं. म्हणून नव्याने निघणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की रजेचे दिवस हा कामाचा फक्त मधला तुकडा आहे. त्याच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने पुण्यातूनच काम करायची तयारी असेल, तरच तिकीट काढा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १: तुम्हाला बोलावलंय का, ते पाहा

‘मला आफ्रिकेत जाऊन काहीतरी करायचंय’ ही इच्छा चांगली आहे, पण ती तुमची गरज झाली. तिथल्या संस्थेची गरज तिच्याच तोंडून यायला हवी, आणि ती नेमकी हवी. ‘आम्हाला आयटीवाला माणूस हवा’ एवढ्यावर निघू नका. ‘आमच्या ६ शाखांच्या कर्जवह्या एकाच तक्त्यात आणायच्या आहेत, आणि तो तक्ता पुढे आमच्या दोन माणसांनी चालवायचा आहे’ ही झाली गरज.

बोलावणं मिळण्याचे रस्ते तीन आहेत. पहिला तुमच्या कंपनीतच असू शकतो. आयबीएमने २००८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या छोट्या तुकड्या चार-चार आठवडे विकसनशील देशांत पाठवायला सुरुवात केली, सॅपने २०१२ मध्ये असाच उपक्रम सुरू केला. सेल्सफोर्ससारख्या कंपन्या वर्षाला ७ दिवस स्वयंसेवेसाठी वेगळी पगारी रजा देतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करणाऱ्यांनी भारतातल्या एचआर पोर्टलवर थांबू नये. मुख्य कार्यालयाचं जागतिक धोरण उघडून वाचावं. कित्येकदा सवलत कागदावर असते आणि इथल्या कुणी ती कधी मागितलेलीच नसते.

दुसरा रस्ता मध्यस्थ संस्थांचा. १९५८ पासून काम करणारी व्हीएसओ ही ब्रिटिश संस्था आणि १९७० मध्ये स्थापन झालेला, जर्मनीतल्या बॉनमधून चालणारा संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम ही सर्वांत ओळखीची नावं. पण त्यांच्या परदेशातल्या नेमणुका बहुतेक काही महिन्यांच्या किंवा वर्षाच्या असतात, साठवलेल्या पीएलमध्ये बसत नाहीत. नवख्याच्या कामाची आहे ती संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमातली ऑनलाइन स्वयंसेवा. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, जास्तीत जास्त १२ आठवडे, घरबसल्या. दूरच्या माणसांबरोबर काम करणं आपल्याला जमतं का, हे एकही रजा न घालवता कळतं.

तिसरा रस्ता मला स्वतःला सगळ्यांत भरवशाचा वाटतो: आपल्याकडच्या एखाद्या संस्थेशी आधी जोडून घ्यायचं आणि तिच्या परदेशातल्या सहकाऱ्यांपर्यंत पोचायचं. शेती, पशुपालन, बायोगॅस, कचरा, बचतगट या क्षेत्रांत पुण्यातल्या संस्थांची कामं बाहेरच्या देशांतले लोक येऊन बघून जातात. त्यांच्याकडे ओळखी असतात आणि कुठली संस्था खरंच काम करते याची पारखही असते.

इथेच एक स्पष्ट सांगतो. इंटरनेटवर ‘दोन आठवडे अनाथाश्रमात मुलांसोबत’ अशा सहली पैसे घेऊन विकल्या जातात. त्या घेऊ नका. नेपाळ आणि कंबोडिया या दोन्ही देशांत असं उघडकीला आलं आहे की अनाथाश्रमातल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात आणि देणगीदार, पाहुणे यावेत म्हणून मुलं घरापासून तोडून आणली जातात. दर पंधरा दिवसांनी नवा दादा, नवी ताई येऊन जीव लावते आणि निघून जाते, याने लहान मुलांचं काय होत असेल ते आपल्या घरातल्या मुलांकडे बघून कळावं. तुमचं कौशल्य हिशेबाचं, यंत्रदुरुस्तीचं, नर्सिंगचं असेल तर ते मोठ्या माणसांना शिकवा.

पायरी २: रजेचं गणित

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात किमान हक्क लिहिलेले आहेत: वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा (सीएल), वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सीएल वर्षअखेरीला बुडते, पीएल साठते. बहुतेक कंपन्यांचं धोरण याहून उदार असतं, पण साठवण्याची मर्यादा आणि एका वेळी सलग किती दिवस घेता येतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. सँडविच रजेचा नियम आहे का, हे आवर्जून विचारा. दोन्ही बाजूंना रजा असली तर मधले शनिवार-रविवारही रजेत धरले जातात, आणि १० दिवसांचे १२ ते १४ होतात.

माझा अनुभव असा की १० कामकाजाच्या दिवसांपेक्षा कमीत जाऊ नये. जाण्यायेण्यात दोन दिवस जातात, ओळखीपाळखीत दोन.

कधी जायचं हे मात्र आपल्या रजेवरून ठरवू नका, त्यांच्या वर्षावरून ठरवा. आपल्याला वाटतं दिवाळीच्या सुट्टीला लागून पीएल घ्यावी. नेपाळमध्ये आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत दशैं असतो आणि दिवाळीत तिहार. कार्यालयं बंद, माणसं गावी. त्यांचं आर्थिक वर्ष आषाढअखेर, म्हणजे जुलैच्या मध्याला संपतं. त्याआधीचा महिना हिशेबाच्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे मोठा पाऊस असतो आणि खेड्यांचे रस्ते चिखलात जातात. डिसेंबरमध्ये आपल्याकडे ‘रजा बुडेल’ म्हणून घाई असते, तेव्हा तिकडे नाताळासाठी सगळे घरी निघालेले असतात. यजमान संस्थेला एकच विचारा: तुमच्या माणसांना माझ्यासोबत बसायला वेळ कधी असेल? त्या तारखा गणपतीत आल्या तरी त्याच घ्या. मनाला लागतं, पण घ्या.

पायरी ३: मॅनेजर, एचआर आणि तुमचं करारपत्र

मॅनेजरशी बोलताना ‘समाजसेवा’ या शब्दाने सुरुवात केली तर मान डोलावली जाते आणि विषय मागे पडतो. तीन महिने आधी, रिलीजच्या तारखा समोर ठेवून, हँडओव्हर कुणाकडे देणार त्याचं नाव घेऊन बोला. मी माझ्या कामाचं दोन पानी टिपण करून दिलं आणि एका सहकाऱ्याला दोन आठवडे आधीपासून शेजारी बसवलं. रजा मंजूर व्हायला मग दहा मिनिटंही लागली नाहीत.

नेमणुकीच्या वेळी सही केलेलं करारपत्र काढून वाचा. दुसरीकडे काम करायला मनाई, हितसंबंधांचा संघर्ष आणि बौद्धिक संपदा ही तीन कलमं बघा. विनामोबदला कामालाही लेखी परवानगी लागते, असं काही कंपन्यांत असतं. ती मेलवर घ्या, तोंडी नको. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीची सॉफ्टवेअर लायसन्स, कंपनीचा कोड यातलं काहीही सोबत नेऊ नका. स्वतःचा लॅपटॉप न्या आणि तिकडच्यांना फुकट किंवा स्वस्तात मिळेल अशाच साधनांवर काम उभं करा. तुम्ही गेल्यावर दर महिन्याला डॉलरमध्ये शुल्क मागणारं सॉफ्टवेअर त्यांच्या गळ्यात मारणं बरोबर नाही.

पैशांबद्दल, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीबद्दल, एक गैरसमज फार आहे: ‘कंपनीचा सीएसआर निधी आहे की, तिकीट त्यातून काढतील.’ नाही काढता येत. कंपनी कायद्याखालच्या सीएसआर नियमांनुसार भारताबाहेर केलेलं काम सीएसआरमध्ये धरलंच जात नाही. राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंचं प्रशिक्षण हा तेवढा अपवाद. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवण्यालाही परवानगी नाही. तेव्हा सीएसआर विभागाचा दरवाजा ठोठावून निराश होऊ नका. प्रशिक्षण आणि नेतृत्वविकासासाठी वेगळं बजेट असतं, मदत मागायचीच तर तिथे मागा. नाहीतर विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढा. राहण्याजेवण्याचा खर्चही यजमान संस्थेवर टाकू नका. त्यांनी आग्रहाने खोली दिली तर घ्या, पण भाजीबाजाराचा वाटा उचला.

जिल्हा परिषदेतले शिक्षक, सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका आणि इतर सरकारी नोकरदारांना परदेश प्रवासासाठी पूर्वपरवानगी लागते. फाईल वेळ घेते, अर्ज लवकर टाका.

पायरी ४: एक कागद

तिकिटाच्या आधी दोघांनी मिळून एक पान लिहायचं. त्यात काय काय हवं: नेमकं काम कोणतं, ते कुणाच्या हातात सोपवायचं, त्या माणसाचं नाव, शेवटच्या दिवशी काय तयार असेल, आणि काय करणार नाही. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. तिथे पोचलात की ‘आमची वेबसाइटही जरा बघा’, ‘प्रिंटर चालत नाही’ असं सुरू होतं. माणसं प्रेमाने विचारतात, नाही म्हणवत नाही, आणि मूळ काम अर्धं राहतं.

शिकणारा माणूस ठरलेला नसेल तर जाऊ नका, इतकं मी ठामपणे म्हणेन. दोन असतील तर उत्तम, कारण त्यातला एक वर्षभरात नोकरी बदलतो.

हे पान झालं की आठवड्याला एक व्हिडिओ कॉल सुरू करा. नमुने मागवा: वहीची पानं, यंत्राचे फोटो, चालू फॉर्म, जे असेल ते. वीज किती तास असते, इंटरनेट मोबाइलवरचं आहे की वायरचं, कॉम्प्युटर किती जुने आहेत, हे विचारा. माझ्या चितवनच्या संस्थेत तीन कॉम्प्युटर होते आणि दुपारी वीज गेली की एकाचाच बॅकअप चालायचा. आधी कळलं असतं तर मी शिकवण्याचे तास सकाळचे ठेवले असते.

पायरी ५: इथेच रंगीत तालीम

जे तिकडे करणार, ते आधी पुण्याच्या आसपास दोन शनिवार-रविवार करून बघा. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करत शिकण्याची ती जागा आहे, आणि मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर आखलेल्या वस्तू बनवून बघण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये तिथे उभी राहिली. तांत्रिक कौशल्य शिकवणाऱ्याने तिथे विचारून, परवानगी घेऊन काही दिवस घालवावेत. हिशेबाचं काम असेल तर मुळशी-मावळातला एखादा बचतगट किंवा दूध संस्था शोधा. कॉर्पोरेट भाषेतली आपली समजावण्याची पद्धत तिथे पहिल्या अर्ध्या तासात उघडी पडते. स्लाइडवर बोलायची सवय मला पौडजवळच्या एका गटातल्या काकूंनी सोडवली. ‘तुम्ही दाखवू नका, माझ्या हातात माऊस द्या,’ एवढंच त्या म्हणाल्या.

पायरी ६: व्हिसा आणि कागदपत्रं

पर्यटक व्हिसावर जाऊन बिनपगारी काम केलं तर चालतं, असं अनेक जण सांगतील. पुष्कळ देशांत ते चालत नाही, आणि अडचणीत तुम्ही एकटे येत नाही, यजमान संस्थाही येते. टांझानियात स्वयंसेवकांसाठी ‘क’ वर्गाचा निवास परवाना असतो. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, त्याहून जास्त नाही. त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचं पान स्वतः वाचा आणि यजमान संस्थेकडून लेखी घ्या. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. प्रौढांना आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत, आणि या एका गोष्टीवरून माणसं विमानतळावरून परत आलेली आहेत.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट बहुतेक चांगल्या संस्था मागतात. मागत नसतील तरी काढा. परदेशासाठीचा दाखला पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करून मिळतो, आणि पुणेकरांना मुंढव्याचं सेवा केंद्र ओळखीचं आहेच. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणीत वेळ जातो.

डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं: इथलं रजिस्ट्रेशन तिथे चालत नाही. त्या देशाच्या मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हातात नसेल तर रुग्णाला हात लावू नये.

पायरी ७: तब्येत आणि विमा

केनिया, युगांडाकडे जाणार असाल तर यलो फीव्हरची लस. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते, आणि वेळ आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. ते नसताना बाधित देशातून भारतात परतलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. संपलेल्या पीएलमध्ये हे ६ दिवस कुठून आणणार? मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या; त्यातल्या काही परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवाव्या लागतात, आणि घरी आलं की नेमक्या त्याच राहून जातात.

साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये ‘काम करताना झालेली इजा’ वगळलेली असू शकते. पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा भाग वाचा. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला असेल अशीच पॉलिसी घ्या. गटविम्यातलं कंपनीचं कार्ड परदेशात चालेल असं समजून निघू नका.

पायरी ८: भाषा

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते चिनी शिकले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. आपल्याला पंधरा दिवसांत ते जमणार नाही, पण शंभर शब्द जमतात, आणि मराठी माणसाला काही ठिकाणी ते फार सोपे जातात. नेपाळी देवनागरीतच आहे. पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात. स्वाहिलीत पैसा म्हणजे ‘पेसा’, हिशेब ‘हेसाबू’, दुकान ‘दुका’, साबण ‘साबुनी’, गाडी ‘गारी’, विमा ‘बिमा’. यातले काही शब्द अरबी-फारसीतून दोन्हीकडे पोचले, काही हिंदी महासागरातल्या जुन्या व्यापारातून इथून तिकडे गेले. फ्रेंच बोलणाऱ्या सेनेगल किंवा मादागास्करला जाणार असाल तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत, पण त्यासाठी वर्षभर आधी सुरुवात करावी लागेल.

स्वाहिली बोलणाऱ्यांशी वेळ ठरवताना एक जपा. त्यांचं घड्याळ सूर्योदयापासून चालतं. सकाळचे ७ म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. ९ म्हणजे ‘सा तातू’, तिसरा. कुणी ‘तीन वाजता या’ म्हणालं तर सकाळचे ९ की दुपारचे ३, हे विचारून घ्या.

पायरी ९: तिथले दिवस

पहिले दोन दिवस काहीही बदलू नका. शेजारी बसा, ते आज कसं करतात ते बघा. माझ्या दिदी हप्ते थकलेल्या कर्जदाराच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक खुणा करायच्या: कुणाकडे आजारपण आहे, कुणाचा मुलगा आखातात गेला आहे, पैसे कधी येतील. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. तो रकाना घातला आणि त्या दिवसापासून त्यांनी तक्ता आपला म्हणून वापरायला घेतला.

मधल्या दिवसांत कीबोर्डवर त्यांचे हात असू द्या, तुम्ही बोला. शेवटच्या दोन दिवसांत बोलणंही थांबवा, त्यांना एकट्याने करू द्या, आणि अडतील तिथे त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच हस्ताक्षरात टिपण लिहून घ्या. तुम्ही इंग्रजीत छापून दिलेलं मॅन्युअल कपाटात जातं. फोटो काढण्याआधी विचारा. लिंक्डइनवर टाकायचा असेल तर ते सांगून विचारा.

पायरी १०: परतल्यावर

पहाटे मुंबईला उतरून एक्सप्रेस-वेने घरी, आणि सोमवारी स्टँडअप मीटिंग. इथेच बहुतेकांचं काम सुटतं. कॉलच्या तारखा तिथून निघण्याआधीच ठरवून या: पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी. त्यांचा पहिला महत्त्वाचा हिशेब ज्या दिवशी असेल त्या दिवशी तुम्ही फोनवर हवेत. त्यासाठी एक सीएल राखून ठेवा. माझ्या बाबतीत तो दिवस आषाढअखेरचा होता. थकबाकीची बेरीज जुन्या वहीशी ४० रुपयांनी जुळत नव्हती. दुपारपर्यंत आम्ही शोधलं, आणि चूक वहीत निघाली.

मी गेलो तेव्हा त्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असायची, रविवारी कार्यालय उघडं. माझी सुट्टी आणि त्यांचं काम एकाच दिवशी आल्याने कॉल रविवारी सकाळी १० ला ठरला, त्यांच्या घड्याळात सव्वादहाला. तीन महिने ठरले होते. चौथ्या महिन्यात दिदींनी स्वतःच नव्या शाखेचा तक्ता बनवून पाठवला आणि विचारलं, यात बघायला काही उरलंय का? मी दोनदा तपासला. उरलं नव्हतं.